उपाशीपोटी

लेबल मीच चिकटवलं:
येलदी नरसय्या, पुरुष, वय अठ्ठावन्न.
नात्याचा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

"काल रात्रीपासून उपाशी ना?"
सगळ्यांना विचारते तसंच विचारलं.
"हो मॅडम," नायना म्हणाले.
कन्ना चौकातल्या या खोलीत ते मला मॅडमच म्हणतात.
बाही वर केली.
कोपराच्या घडीत सुताची पांढरी लव,
रात्रपाळीची, तशीच.

सेंट्रिफ्यूज थांबलं.
खाली लाल बसलं.
वर यायला हवं होतं पिवळसर, आरपार,
आलं पांढरं. दाट.
हातमाग होता तेव्हा आई घमेल्यात
सुतासाठी कालवायची, तशी खळ.
नळी ट्यूबलाइटसमोर धरली
तर पलीकडचं कॅलेंडर दिसेना.

रात्री दोनला माग थांबवून
कडक भाकरी चुरली असणार,
शेंगाचटणीवर तेलाची धार,
कोरडी घशाखाली उतरत नाही म्हणून.
हे नळीला कळलं होतं,
फॉर्मला नाही.

ट्रायग्लिसराइड चारशे बासष्ट.
त्याखालची एलडीएलची ओळ रिकामी.
चारशेच्या वर गेलं की आमचं सूत्र चालत नाही,
ज्या आकड्याची धास्ती
नेमका तोच कोरा येतो.

काका चव्वेचाळीसचे होते.
जुन्या मागाला तार तुटल्याची खबर लागत नाही,
धोटा आपला येतो जातो, येतो जातो.
शेजारच्या मागावरचा म्हणाला,
खडखड तर चालूच होती की.
हातभर चादर विणून झाली होती तोवर,
एक रेघ सोडून.

"किती निघालं?" नायना दारातून विचारतात.
शनिवारी मुनीम त्यांना विचारतो
तोच प्रश्न, त्याच सुरात.
"उद्या परत यावं लागेल."
"पैसे?"
"नाही लागणार."
"मग येतो. पाळी बदलून घेतो."

जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले.
चपलेचा अंगठा बघतोय असं दाखवलं.
चप्पल नवी आहे,
गड्ड्याच्या जत्रेत मीच घेतलेली.

घरी गेल्यावर आधी तेलाची बाटली उचलली
आणि पार वरच्या फळीवर ठेवली.
आई पीठ मळत होती.
मान वर न करता म्हणाली,
तिथं फक्त त्यांचाच हात पोचतो.