हातचा

तिबिलिसीत, नदीपलीकडच्या चुगुरेतीत,
चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत
पाचजण एक अब्ज वाटायला बसले.
अब्ज कशाचे, ते अजून जन्मले नव्हते.
नाव होतं फक्त, आणि नावावरूनही
ओतिया-गुरांदाचं निम्मं भांडण बाकी होतं.

मी सहावी. हिशेबनीस. ताशी चाळीस लारी,
रोख, हे जिन्यातच ठरवून घेतलेलं.

"आधी आपलं," बाद्री म्हणाला, आणि लगेच,
"म्हणजे, जे राबले त्यांचं." वीस.
तीन हिवाळे हीटर न लावता लिहिलेला कोड
वीस टक्क्यांत मावतो का, कुणी विचारलं नाही;
मझियानं फक्त बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

गुंतवणूकदार चोवीस.
ते पडद्यावर होते, सिंगापूरहून, मिस्टर क्वेक,
त्यांच्याकडे रात्र, मागे पुसट केलेली भिंत.
वर्षभराचं कुलूप म्हटल्यावर ते नुसते खोकले
आणि कुलूप सहा महिन्यांचं झालं.
खजिना अठरा. सल्लागार पाच,
दोन सल्लागार, त्यातला एक ओतियाचा मेहुणा.
बाजार हलता ठेवायला आठ.
उरलेलं लोकांचं. सव्वीस लिही, गुरांदा म्हणाली,
सव्वीस छान दिसतं.

"लोक" हा रकाना मी पिवळा केला.
त्यात कोण येतं ते कुणालाच धड माहीत नव्हतं:
जे आधी आले, जे टिकले, ज्यांनी चुका शोधल्या,
काहींना नुसतीच खिरापत, आभाळातून,
तोंडाला चव लागावी म्हणून.

बेरीज एकशे एक.

परत केली. एकशे एक.
शाळेत हातचा विसरला की छडी बसायची;
इथे हातचा सगळ्यांना दिसत होता
आणि कुणीच हात पुढे करत नव्हतं.
एक टक्का म्हणजे एक कोटी,
अजून नसलेले एक कोटी, तरी
खोली इतकी गप्प झाली
की खालची हातोडी वर ऐकू यायला लागली.

क्वेकसाहेबांचा करार सहीचा.
बाद्रीचा चेहरा तीन हिवाळ्यांचा.
मेहुण्याला विचारायचं तर फोन लावावा लागेल.
ओतियानं खिडकीबाहेर बघत म्हटलं,
"पिवळ्यातून घे."
कुणी हो म्हटलं नाही. नाही तर नाहीच.
सव्वीसचे पंचवीस केले, बेरीज हिरवी झाली.
गुरांदा म्हणाली, पंचवीस तर आणखीच छान, पाव हिस्सा!

सहा तास, दोनशे चाळीस लारी.
"थोडे टोकनही घे," मझिया जिन्यापर्यंत आली,
"माझ्यातले."
मी तिची बोटं पाहिली आणि नको म्हटलं.

खाली पार्मेन माझ्या बुटाची टाच ठोकत होता.
त्याच्या फोनवर ते पाकीट आहे, गुरांदानं घालून दिलेलं,
परीक्षक क्रमांक चारशे बारा.
कुपॉनच्या नोटांचा पगार पिशवीत भरून आणला
आणि वाटेतच त्याचा एक पाव झाला,
ही त्याची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे.
आज त्यानं ती काढली नाही.

"ठरलं का वरती?"
ठरलं.
"मी आहे ना त्यात?"
आहात. पिवळ्यात.

मान डोलावून त्यानं बूट पुढे केला. पंधरा लारी.
मी पंधरा मोजले, वर एक नाणं ठेवलं.
काळ्या बोटानं त्यानं ते माझ्याकडे सरकवलं.
"पंधराच झाले," म्हणाला.