माहीत होतं

कोटकाच्या कोर्टात त्या मार्चला
खाडी अजून गोठलेली, दौतीतली शाई जेमतेम पातळ.
मी कारकून. ऐकायचं, लिहायचं.

वादी हिल्मा सुइक्कानेन, विधवा, एका होडीची मालकीण.
प्रतिवादी आर्विद लुम्मे,
हेरिंगचा व्यापारी (असं तो सांगतो).
पुरावा म्हणून मिठाच्या पिशवीचा एक तुकडा,
त्यावर पेन्सिलीने: होडी तुझी, फेऱ्या सात,
दर फेरीला तीनशे मार्क.
खाली दोन सह्या
आणि तेलाचा एक डाग, न बोलावता आलेला साक्षीदार.

फेऱ्या सातही झाल्या. पैसे दोनच फेऱ्यांचे आले.
एवढंच म्हणणं होतं बाईचं.

लुम्मे उठला, टोपी छातीशी धरून.
"साहेब, डब्यांत मासे नव्हतेच कधी.
एस्टोनियाची दारू होती. चार महिने तुरुंगात
तिची शिक्षा भोगून आलोय मी.
बंदीच्या मालाचा करार म्हणजे करारच नव्हे.
मग देणं कसलं?"

चोरी कबूल करून
पैसे वाचवणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"हे आसन असल्या वाटण्या करायला नाही.
पण बाई, डब्यांत काय आहे
हे तुम्हाला माहीत होतं?"

तिचा वकील खोकला. पुन्हा खोकला.
नाही.
दोन अक्षरं, दीड हजार मार्क.
माझी लेखणी त्या 'ना'वर टेकलेलीच होती.

"गारठ्यातही नाक शाबूत होतं माझं," हिल्मा म्हणाली.
"हेरिंगला असा वास येत नाही.
तिसऱ्या फेरीला एक डबा फुटला
तेव्हा ओंजळ धरली मी खाली.
वाया घालवणं जमत नाही मला."

मागच्या बाकांवर हशा.
दावा फेटाळला.
ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याचकडे राहील;
म्हणजे लुम्मेकडे पैसे,
हिल्माकडे होडी, तळाला चीर गेलेली.

जाताना ती माझ्या मेजापाशी थांबली.
"माझा कागद?"
कोर्टाने जो पाहिलाच नाही
तो फाइलला कसा लावणार? दिला.
तिने तो उलटा करून झटकला,
जसं मीठ अजून असेल त्यात.

मग मी निकालाची नक्कल करायला बसलो.
बोटं आखडली होती.
कोटाच्या आतल्या खिशातली चपटी बाटली काढली,
एक घोट घेतला, झाकण घट्ट लावलं.

मला कोणी विचारलं नाही.