प्रश्न क्रमांक सतरा

बेलापूर कोर्ट, दुसरा मजला, जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं.
साक्षीदार पहिला : मोफिजुल, फरशी बसवणारा,
काम सध्या बंद.
डावं मनगट असं धरून उभा,
की कुणी सांभाळायला दिलेलं सामान.

आरोपी तिघं. वर्दी नाही, शर्ट नवे,
घडीच्या रेघा अजून मोडायच्यात.

मी टाइप करते. साहेब सांगतील तेवढंच.
सोळा प्रश्न काठीचेच झाले :
किती वार, कुणाच्या हातून, ट्यूब चालू होती का.
सोळाव्याचं उत्तर : वार मोजले नाहीत,
मी चौकीतल्या फरश्या मोजत होतो.
दाराजवळची एक तिरकी बसलीय.
हे गाळा असं कुणी म्हणालं नाही. लिहिलं.

मग पोतनीस वकील उठले, चष्मा कपाळावर.
"तुझा जन्म कुठला?"

"हरकत," ठोंबरे मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या.

"साधा प्रश्न आहे, साहेब.
मार खाताना हा 'पानी' म्हणाला. त्यांचाच जबाब आहे.
आपल्याकडचा बंगाली 'जल' म्हणतो.
पानी म्हणजे सीमेपलीकडचा.
जो माणूसच खोटा, त्याचं मोडलेलं हाड खरं कसं?"

दुभाषी दत्तबाबू, वाशीतले निवृत्त गणिताचे मास्तर,
रुमालाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.
दत्तबाबूंना कुणी विचारलं नाही.
दारात सुर्वे शिपाई जग घेऊन उभा,
त्यानं जगाकडे पाहिलं, मग पोतनीसांकडे.

साहेबांनी पेनला टोपण लावलं.
"पाणी मागितलं होतं ना? मग दिलं का?"
"साहेब, त्याचा इथे काय संबंध—"
"पाण्याचा नाही, आणि जन्माचा आहे?
खटला या तिघांवर आहे, याच्या आईच्या बाळंतपणावर नाही.
नामंजूर. खोडा."

खोडलं.
आधी प्रश्नचिन्ह गेलं, मग ला, मग ठ,
जन्म सावकाश गेला, जोडाक्षर होतं.
लघुलिपीच्या वहीत मात्र पेन्सिलीची एक वाकडी रेघ
आहे अजून.
खरं सांगायचं तर मलाही उत्तर हवं होतं.
जात पडताळणीला मी तीन वर्षं हेलपाटे घातलेत,
आजोबांचा दाखला उमरखेडच्या शाळेत उधईनं खाल्लेला,
तेव्हापासून माणूस दिसला की आधी
त्याच्या हातात फाइल आहे का ते पाहते.
याच्या हातात नव्हती. हातच नव्हता धड.

सतरा आकडा रिकामा राहिलेला. ठोंबरे मॅडमनी तो भरला :
"पाणी मागितल्यावर काय झालं?"

मोफिजुल बोलला, जेमतेम एक शब्द.
दत्तबाबूंनी वेळ घेतला.
"हसले," म्हणाले.

माझी बोटं थांबली.
"आदरार्थी की अनेकवचनी?" मी विचारलं.
आजवर मधे बोलले नव्हते कधी.
साहेबांनीही वर पाहिलं.

"तिघं," दत्तबाबू म्हणाले.

तसं लिहिलं.
मग प्रत्येक पानावर त्याची सही घेतली.
डावखुरा आहे. उजव्या हातानं, बंगालीत,
तिरकी बसली.