पट्ट्यापुरती जागा

मशीन द्यायला आलेल्या पोराने सगळं समजावलं:
पाणी कुठल्या रेघेपर्यंत भरायचं,
नळी कशी धुवायची, कशी टांगायची,
झोपेत माझा श्वास तासाला एकेचाळीस वेळा थांबतो
म्हणजे नेमकं काय होतं.
केसांबद्दल अवाक्षर नाही.
त्याचे स्वतःचे भुरे, सुतासारखे सरळ,
सकाळी एकदा हात फिरवला की झालं.

मी विचारलं, आणि हे पट्टे?
म्हणाला, घट्ट ठेवा.

एकतीस वर्षं मी क्लीव्हलंडमध्ये शाळेची बस चालवली.
बर्फात, ईरी सरोवरावरून येणाऱ्या त्या वाऱ्यात.
रोज चौसष्ट मुलं,
एकाच्याही केसाला धक्का नाही.
आणि आता उशीवर हे माझेच,
मुळापासून गळालेले नव्हेत, मधूनच तुटलेले,
मिरीच्या दाण्यांसारखे गुंडाळलेले.

आई सांगायची, व्हर्नेल,
डोकं बांधल्याशिवाय अंग टाकायचं नाही.
बांधलं.
सॅटिनच्या टोपीवरून पट्टा ओढला तर तो घसरतो,
रात्री तीनला गालापाशी शिट्टी वाजते
आणि डोळ्यात वारा जातो.
टोपीखालून घेतला तर केस खातो.
वरून, खालून, वरून, खालून.
रॉस्को म्हणाला, तू झोपतेस की वादळाची तयारी करतेस?
तो पूर्वी माझ्या घोरण्याने बैठकीच्या खोलीत जायचा,
आता परत आलाय
आणि शांततेने जागा राहतो.

भाचीच्या लग्नाआधी सात रात्री
मी मास्क लावलाच नाही. केस राखले.
मशीनने तेही लिहून ठेवलं:
शून्य, शून्य, शून्य.
चर्चच्या दारात सगळ्या म्हणाल्या, काय दिसतेस गं!
आणि पास्टरचं बोलणं मध्यावर आलं तेव्हा
तिसऱ्या बाकावर मी घोरले.
सुंदर दिसत, तोंड उघडं टाकून.

सोमवारी मास्क किराण्याच्या पिशवीत घातला
आणि किन्समन रोडवर कुम्बाकडे गेले.
ती सेनेगलची, बोटं चालतात तोवर तोंड चालत नाही.
फण्यांच्या शेजारी टेबलावर ठेवला,
नळीशिवाय, पट्ट्यांसकट,
कुठल्याशा समुद्री प्राण्यासारखा.
दुकान गप्प.
माझ्या सख्ख्या बहिणीला मी हे सांगितलं नव्हतं.

कुम्बाने तो उचलला, माझ्या डोक्यावर चढवला,
आरशात पाहिलं, थोडा मागे सरकवला,
आणि फणीच्या शेपटीने पट्ट्याच्या कडेकडेने
रेघ ओढली,
शिंपी कापडावर खडू ओढतो तशी.
मग भांग पाडला, तिथूनच.
एक वेणी पट्ट्याच्या वर, एक खाली,
मध्ये पट्ट्यापुरती उघडी कातडी.
रस्ता. मी ओळखते रस्ते.

इतक्यात ड्रायरखालच्या एका बाईने
डोक्यावरचं झाकण वर केलं,
माझ्याकडे न बघता विचारलं,
तुझा नाकापुरता आहे की तोंडभर?

पट्ट्यांना मी गवसण्या शिवल्या,
गायनवृंदाच्या जुन्या झग्याच्या अस्तराच्या, जांभळ्या.
सगळंच सुटलं असं नाही.
उजव्या कानामागे नाण्याएवढी जागा अजून मोकळीच आहे.
तिथे एरंडेल लावते, एक थेंब,
मग बोट साबणाने धुते,
तेल लागलं की सिलिकॉन सटकतं.
दर तीन आठवड्यांनी वेण्या सोडायच्या, परत घालायच्या,
आणि कुम्बा काही फुकट घालत नाही.

काल रात्री दिवा घालवल्यावर
रॉस्कोने एक बोट माझ्या भांगातून फिरवलं,
कपाळापासून मागे, सावकाश,
पट्टा जिथे वळतो तिथपर्यंत,
आणि विचारलं, ही बस कुठे जाते?

माझा मास्क नाकापुरता.
तोंड उघडलं की सगळा वारा बाहेर.
त्याचं बोट तिथेच दाबून धरलं.