तहकूब अर्धा तास

गणपूर्तीला पाच लागतात.
आले तीन.
म्हणून मी लिहितो, जसं एकोणीस वर्षं लिहितोय:
"गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब.
त्याच ठिकाणी, त्याच विषयपत्रिकेसह पुन्हा भरेल."
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
घटनेतलं हे एकच कलम
आमच्या विश्वस्तांना तोंडपाठ आहे.

अर्धा तास म्हणजे पोहे.
मेडिकल चौकातून आणलेले, तर्री वेगळ्या पिशवीत.
अध्यक्ष उमाळकर खुर्ची कूलरसमोर ओढतात,
वाळ्याचा सगळा गारवा त्यांच्या सदऱ्यात शिरतो.
पोफळी वकील चष्मा पुसत विचारतात,
"मागचं इतिवृत्त वाचल्याचं धरायचं ना?"
धरायचं.
हिशेब पाहिल्याचं धरायचं,
इमारत पाहिल्याचं धरायचं.

वर दोन मजले आहेत.
तिथं पेशंटचे नातेवाईक झोपतात,
सिरोंच्याचे, बालाघाटचे, एखादा पार भामरागडचा,
केमोच्या दोन तारखांमधले दिवस
उशाशी गाठोड्यात बांधून.
रोजचे वीस रुपये. पावती मीच फाडतो.

त्या दिवशी तिसऱ्या होत्या गजभिये मॅडम.
नव्या. मेडिकलच्या रिटायर्ड मेट्रन.
(अनुदानाच्या अर्जात महिला विश्वस्तांचा रकाना होता,
तो रिकामा बरा दिसत नव्हता.)
त्यांनी पोह्यांची प्लेट झाकून ठेवली.
"अर्धा तास आहे ना? मी वर जाऊन येते."
कोणी अडवलं नाही.
वर जायची पद्धत नव्हती, एवढंच.

मी किल्ल्या घेऊन मागं.
त्यांनी गाद्या मोजल्या नाहीत, उलटवल्या.
नळ सोडला. नळ खोकला, मग थोडं पाणी आलं,
मे महिन्यातलं, चहापत्ती टाकली असती तर रंग धरला असता.
बासष्ट माणसं, संडास एक,
त्याच्या कडीच्या जागी सुतळी.
कोपऱ्यातल्या एका बाईनं विचारलं,
"तुमी इथल्या मालकीण हाव का?"
"नाही. राखणदार."
"मंग रातच्याले दिसत नाही काहून?"

मॅडम उभ्याच.
मला वाटलं, काहीतरी बोलतील.
त्या फक्त त्या सुतळीची गाठ नीट करत राहिल्या.

खाली विषय क्रमांक चार:
मुदतठेव, एक्केचाळीस लाख, नूतनीकरणास मान्यता.
मी "सर्वानुमते" आधीच टाइप करून आणतो, वेळ वाचतो.
"माझा विरोध लिहा," मॅडम म्हणाल्या.
"त्यातले तीन लाख काढा. संडास बांधा, टाकीवर छप्पर घाला."
कूलरचा आवाज एकदम मोठा झाला.

उमाळकर वाईट नाहीत, हे सांगायला हवं.
त्यांच्या वडिलांनी एका मृग बहराची सगळी संत्री
झाडावरच विकून पहिला स्लॅब टाकला.
तेव्हापासून ते पैसा असा सांभाळतात
जसं कोणी तापलेलं मूल सांभाळतं,
खिडकी उघडायलाही भीतात.
"ठेव मोडायची नसते ताई," एवढंच म्हणाले,
आणि त्यांचा आवाज जरा फाटला.

ठराव मंजूर. दोन विरुद्ध एक.
मी "सर्वानुमते" वर काट मारली,
पेनानं लिहिलं. अक्षर माझं वाटेना.
आणि कोणी सांगितलं नसताना खाली ओळ घातली:
"निवासी महिलेचा प्रश्न: राखणदार रात्री का दिसत नाहीत?
उत्तराची नोंद नाही."

पुढची सभा जुलैत. आले चार.
गणपूर्तीअभावी तहकूब.
पोहे आले. पोफळींनी चष्मा काढला, "धरायचं ना?"
उमाळकरांनी खिशातून इतिवृत्त काढलं,
घड्या पडून पडून मऊ झालेलं.
प्लेट बाजूला सारली,
टेबलाच्या कडेला धरून उठले,
आणि माझ्याकडं न बघता विचारलं,
"जिन्याला कठडा आहे का रे?"

"आहे," मी म्हटलं.
"एका बाजूनं."