एक कार्बन जास्त

ब्रुसेल्समध्ये ट्राम रात्री तीनेक तास झोपते.
तेवढ्यात हेदी बूघानमी रुळांच्या खाचा उपसतो:
बिअरची झाकणं, खडी, कुजलेली पानं,
एकदा म्हणे एक दुधाचा दात.
हे त्यानं मला सांगितलं
मुलाच्या लघवीची बाटली टेबलावर ठेवता ठेवता.
बाटली आणणारे असंच काहीबाही बोलतात,
बाटलीकडे बघावं लागू नये म्हणून.

शेदली, वय सात. चालताना भिंत धरतो.
चमचा तोंडाऐवजी गालाला लागतो.
डोकं मोठं, बापाची टोपी बसते.
हुशार होणार असं वाटलेलं, आई म्हणाली.

दोन दिवसांनी कागदावर एक सुळका उभा राहिला
जिथं सपाट माळ असायला हवा होता.

सांगायचं काम डॉक्टरांचं. त्यांनी सांगितलं,
आणि तो जिना उतरून परत माझ्याकडे आला.
फ्रेंच माझी दुसरी भाषा, त्याचीही दुसरी.
त्यामुळे सोपंच बोलावं लागलं.

हे बघ, पेशीत एक कामगार आहे.
चार कार्बनांचा एक रेणू घ्यायचा, जरा वळवायचा, सोडायचा,
दिवसरात्र एवढंच.
शेजारून पाच कार्बनांचा जातो, दिसायला भाऊच.
कोटीत एखाद्या वेळी हात चुकतो.
चुकतोच. तुझा, माझा, खिडकीतल्या त्या जिरेनियमचासुद्धा.
मग जे तयार होतं ते खाता येत नाही,
जाळता येत नाही, धड फेकताही येत नाही.

"काढून टाका ना त्याला कामावरून."

नाही रे, चांगला आहे तो. त्याच्यावाचून जगणं नाही.
म्हणून त्याच्या मागे दुसरा एक ठेवलेला असतो.
नवीन काही करत नाही तो.
चुकलेलं उचलतो, होतं तसं करतो,
होतं तिथं ठेवतो.
भिंतीवरचा हा नकाशा बघ, बाणांचं रान आहे नुसतं.
त्याला यात बाण नाही.

शेदलीकडे तो दुसरा नाही.

हेदी नकाशासमोर उभा राहिला बराच वेळ.
"रोज किती साचतं?"
फार थोडं.
"सात वर्षं."
हो.
"आम्ही संप केला तर निदान पेपरात येतं," तो म्हणाला,
आणि हसला की काय, मला कळलं नाही.

मब्रूका दारातच होती, कोट न काढता.
तिनं विचारलं, आम्ही चुलत भावंडं, म्हणून का?
कारण मला माहीत होतं. टक्केवारीसकट.
मी तिला पाणी दिलं.

पिवळ्या गोळ्या लिहून दिल्यात, एक जीवनसत्त्व.
कुणाला लागू पडतात, कुणाला नाही.
लघवी हळदीसारखी होईल, घाबरू नका,
एवढं मात्र मी ठणकावून सांगितलं,
जणू तेवढंच माझ्या हातात होतं. होतंही.

मार्चमध्ये आले तेव्हा भिंत सुटली नव्हती.
चमचा दहात चारदा नीट जातो. मब्रूका मोजते,
वहीत, उजवीकडून डावीकडे.
शेदलीनं मला हिरडीतली खाच दाखवली, नवी.
दात?
बापाच्या लॉकरमध्ये, म्हणाला,
तिथं आधीच एक आहे.