राहिलेला विषय

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार, दुलुथ.
इथे आम्ही सरोवराचं नाव घेत नाही,
नुसतं तळं म्हणतो,
समुद्राएवढं असलं तरी.
तळ्यावरचा वारा कॉलेजच्या दारातून आत येतो
आणि माझ्यासमोरचे अर्ज विस्कटतो.

खिडकी क्रमांक तीन.
विषय घेणे, विषय सोडणे. पाचला बंद.

बावीस वर्षांत एक कळलं,
मुलांना माझा सल्ला नको असतो, शिक्का हवा असतो.
सल्ला त्यांनी आधीच मिळवलेला असतो
वसतिगृहात, कपडे वाळायची वाट बघताना,
वरच्या वर्गातल्या कुणाकडून:
सकाळी आठचं काहीही नको.
सिनेमाचा आस्वाद घे, दिवे बंद असतात.
बर्फाचा भूगोल घे, फेब्रुवारीत एकदा
गोठलेल्या तळ्यावर उभं राहिलं की झालं.
ओकरलंडबाईंचं संख्याशास्त्र?
त्या गल्लीतूनसुद्धा जाऊ नकोस.

चार वाजून दहा मिनिटांनी मार्लिस हाउकाला आली.
वय एकावन्न. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
मग गिरणीच बंद.
आता दातांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचं होतं.
गळ आणि आमिषाच्या दुकानाचं बिल,
त्याच्या पाठीवर भाच्यानं यादी करून दिलेली,
सगळे सोपे, सगळे दुपारचे.
आणि तळाशी, वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीनं,
संख्याशास्त्र.

हा तुम्हाला लागत नाही, मी म्हणालो. ऐच्छिक आहे.
ऐच्छिक म्हणजे?
इच्छा असली तर.
मग आहे, ती म्हणाली.

निम्मा वर्ग नापास होतो हो.
विषाची परीक्षा कशाला बघता?
विषाची नाही, टक्क्यांची, ती म्हणाली,
आणि खिडकीच्या फळीवर पर्स ठेवली,
म्हणजे आता वेळ लागणार होता.

डॉक्टर म्हणाले होते, शंभरात सात.
रॉय म्हणाला, सात म्हणजे बरेच की.
मी म्हणाले, सात म्हणजे काहीच नाही.
त्यावरून भांडलो आम्ही गाडीत,
क्लोकेच्या वळणापर्यंत,
तिथे त्यानं रेडिओ लावला.
मग नोव्हेंबर आला, आणि भांडायला कुणी नाही.
घरी आता तो विषय कुणी काढत नाही.
मला एवढंच बघायचंय,
दोघांत बरोबर कोण होतं.

मी पडद्याकडे बघितलं.
चोवीस जागा. चोवीस नावं.

ती बाकावर बसली.
पर्समधून सफरचंद काढलं, पुसलं, परत ठेवलं.
साडेचार. पावणेपाच.
एक मुलगी नृत्य सोडून लेखाशास्त्र घेऊन गेली,
आईला फोनवर सांगत, हो, हो, घेतलं, रडत नाहीये मी.
एकाला कुठलाही विषय चालणार होता,
फक्त शुक्रवारी नको.

पाचाला सहा मिनिटं कमी असताना
जांभळ्या केसांचं एक पोरगं धापा टाकत आलं.
सर, ओकरलंड. सोडायचंय.
एरवी अशा वेळी मी चार शब्द सुनावतो,
पळ काढून कुणाचं भलं झालंय वगैरे.
त्या दिवशी त्याचा अर्जसुद्धा मीच भरून दिला.
शिक्का इतक्या जोरात मारला
की शेजारच्या खिडकीतली बाई दचकली.

ऑक्टोबरात मार्लिस जिन्यात दिसली,
हातात तपासलेला पेपर. शंभरात एक्केचाळीस.
सोडायची मुदत अजून आहे, मी हळूच म्हणालो.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की मी रेलिंगवरची धूळ झटकायला लागलो.

मग, सातचं काही कळलं का?

अजून तिथवर आलोच नाही, ती म्हणाली.
सध्या नुसतं नाणं उडवतोय.